वेळ चुकलेली प्रतिकारशक्ती

डेंग्यूच्या रुग्णाचा ताप बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतो आणि घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे. जाणता डॉक्टर नेमका त्याच वेळी सावध होतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हैदराबादच्या नल्लकुंटा भागातल्या फीव्हर हॉस्पिटलमध्ये, म्हणजे जुने हैदराबादी ज्याला अजून कोरंटी दवाखाना म्हणतात त्या सर रोनाल्ड रॉस संस्थेत, किंवा सिकंदराबादच्या गांधी हॉस्पिटलमध्ये डेंग्यूचे रुग्ण वाढू लागतात, तेव्हा वॉर्डातले खरे लक्ष अंग फणफणलेल्या रुग्णाइतकेच ताप उतरलेल्या रुग्णावरही असावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डेंग्यूचा धोक्याचा काळ आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप ओसरताना सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. या काळात रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपून पोटात आणि फुप्फुसांभोवती साठतो, रक्तदाब कोसळू शकतो, काही जणांना रक्तस्राव होतो. आणि याच काळात रक्तातल्या विषाणूंची संख्या झपाट्याने घटत असते. विषाणूच थेट हा नाश करत असेल, तर विषाणू सर्वांत जास्त असताना, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत, माणूस सर्वांत जास्त धोक्यात असायला हवा होता. तसे होत नाही. विषाणू काढता पाय घेत असताना शरीर का कोसळते, हा रक्तस्रावी तापांच्या अभ्यासातला मध्यवर्ती प्रश्न आहे.

या लेखातले माझे म्हणणे असे. डेंग्यू, इबोला, पीतज्वर, माकडताप या तापांत रक्तवाहिन्या गळू लागतात त्यामागे विषाणू असतो, पण ते काम बव्हंशी करते आपल्याच शरीराची उपजत प्रतिकारशक्ती. ती कमी पडते म्हणून नव्हे आणि मुळात जास्त असते म्हणूनही नव्हे. विषाणू तिला सुरुवातीच्या तासांत गप्प बसवतो, मग ती उशिरा जागी होते आणि जागी झाल्यावर थांबायचे कुठे हे तिला उमगत नाही. हे खरे असेल तर ‘प्रतिकारशक्ती किती’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. ‘केव्हा आणि किती वेळ’ हे विचारले पाहिजे. औषधांच्या दुकानातली काउंटर ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ काढ्यांनी, गोळ्यांनी आणि सरबतांनी भरलेली असतात अशा काळात हा फरक समजून घेणे ही अभ्यासकांपुरती बाब राहत नाही. नांदेड-परभणीकडून रुग्ण घेऊन हैदराबादला धावणाऱ्या कुटुंबांचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

उपजत प्रतिकारशक्ती म्हणजे कोणत्याही रोगाची आधी ओळख नसताना जी यंत्रणा कामाला लागते ती. अँटिबॉडी तयार व्हायला दिवस लागतात, ही काही तासांत जागी होते. एडिस डास चावतो तेव्हा डेंग्यूचा विषाणू त्वचेत उतरतो आणि तिथे पहाऱ्याला असलेल्या पेशींनाच, म्हणजे डेंड्रायटिक पेशी आणि मॅक्रोफेज यांनाच, आपले घर करतो. ज्यांनी इशारा द्यायचा त्यांच्याच आत शत्रू शिरतो, हे या सगळ्या तापांचे समान लक्षण आहे. इबोलाही हेच करतो. पेशीच्या आत विषाणूचा आरएनए उलगडला की आरआयजी-आय, एमडीए-५, टीएलआर-३, टीएलआर-७ अशा नावांची प्रथिने तो ओळखतात. मानवी पेशीच्या स्वतःच्या आरएनएची घडण वेगळी असते, तेवढ्या फरकावरून ही ओळख पटते. मग पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते. अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७ साली लंडनमध्ये शोधलेला हा पदार्थ शेजारच्या पेशींना सांगतो की दारे लावून घ्या. त्या पेशींमध्ये शेकडो जनुके चालू होतात. कुणी विषाणूचा आरएनए कापते, कुणी प्रथिने बनवण्याचे कामच थांबवते. हे पहिल्या दिवशी नीट घडले तर पुष्कळदा माणसाला आजार झाल्याचे कळतही नाही. जगात दरवर्षी सुमारे ३९ कोटी डेंग्यूसंसर्ग होतात आणि त्यांपैकी साधारण ९.६ कोटींनाच लक्षणे दिसतात, असा अंदाज २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यातला जवळपास एक तृतीयांश भार एकट्या भारताचा होता. म्हणजे बहुसंख्य लोकांत हा सामना बाहेर कळण्याआधीच निकालात निघतो. त्यामागे डासाने सोडलेल्या विषाणूची मात्रा, आधीचे संसर्ग अशी अनेक कारणे असतात, पण वेळेवर जागी झालेली उपजत यंत्रणा त्यांतले मोठे कारण आहे.

ज्यांच्यात तो निकालात निघत नाही, तिथे विषाणूने काय केलेले असते? डेंग्यूच्या विषाणूकडे जेमतेम दहा प्रथिने आहेत आणि त्यांतली अनेक याच एका कामाला जुंपलेली आहेत. एनएस-५ हे प्रथिन स्टॅट-२ या निरोप्याला पकडून पेशीच्या कचराकुंडीत धाडते, म्हणजे इंटरफेरॉनने बाहेरून दिलेला निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतच नाही. एनएस-२बी आणि एनएस-३ यांची जोडगोळी इंटरफेरॉनची हाक पेटवणारे स्टिंग नावाचे मानवी प्रथिन कापून टाकते. यातली एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. हीच जोडगोळी उंदराचे स्टिंग कापू शकत नाही. प्रयोगशाळेतल्या साध्या उंदराला डेंग्यूचा विषाणू टोचला तर त्याला काही होत नाही. त्याचा इंटरफेरॉन विषाणूला रोखतो. म्हणून डेंग्यूवर संशोधन करणाऱ्यांना एजी-१२९ जातीचे उंदीर वापरावे लागतात, ज्यांच्यातले इंटरफेरॉनचे ग्राहकच, म्हणजे त्याला पकडणारी पेशीवरची प्रथिनेच, जन्मतः काढून टाकलेली असतात. तो उंदीर मरतो, त्याच्या रक्तवाहिन्या गळतात. विषाणू तोच. बदलते ती फक्त पहिल्या तासांतली हाक ऐकू येण्याची क्षमता. माणसांतही याचा एक पुरावा आहे. पीतज्वराची जिवंत लस कोट्यवधी लोकांनी निर्धोकपणे घेतली आहे, पण क्वचित एखाद्याला त्या दुबळ्या विषाणूनेच गंभीर आजार होतो. अशा काही रुग्णांमध्ये इंटरफेरॉनचा ग्राहक जन्मतः सदोष असल्याचे, तर काहींमध्ये स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध अँटिबॉडी असल्याचे आढळले.

इबोलाने हीच कथा अधिक क्रूरपणे सांगितली आहे. त्याचे व्हीपी-३५ हे प्रथिन विषाणूच्या आरएनएवर पांघरूण घालते, म्हणजे आरआयजी-आयला तो दिसतच नाही; व्हीपी-२४ हे स्टॅट-१ या निरोप्याचा केंद्रकात जाण्याचा रस्ता बंद करते. पण माझ्या दृष्टीने यापेक्षा मोलाचा पुरावा गॅबॉनमधला आहे. १९९६ च्या तिथल्या साथींत इबोलाच्या रुग्णांची शुश्रूषा करणारे, त्यांच्याशी थेट संपर्क आलेले पण कधीच आजारी न पडलेले २४ जण तपासले गेले. त्यांपैकी ११ जणांच्या रक्तात इबोलाविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे त्यांना संसर्ग झाला होता आणि तो परतवलाही गेला होता. त्यांच्या रक्तात काय दिसले? दाह घडवणारी संदेशद्रव्ये, आयएल-१बीटा, टीएनएफ, आयएल-६, ही संसर्गानंतर पहिल्या आठवड्यातच जोरात वाढली आणि दोन-तीन दिवसांत ओसरली. ज्या रसायनांना आपण ‘सायटोकाइन वादळ’ म्हणून घाबरतो त्यांतलीच ही रसायने. लवकर आली आणि लवकर गेली, म्हणून माणूस वाचला. मृत्युमुखी पडणाऱ्या रुग्णांत तीच रसायने उशिरा येतात, साचत जातात आणि जात नाहीत. मॅक्रोफेज पेशी टिश्यू फॅक्टर नावाचे प्रथिन बाहेर काढतात, त्याने शरीरभर रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात, गोठण्याचे घटक त्यातच खर्ची पडतात आणि मग खरोखर जिथे रक्त थांबायला हवे तिथे थांबवायला काही उरत नाही.

डेंग्यूत रक्तवाहिनी कशी गळते ते जरा जवळून पाहू. केशवाहिनीच्या आतल्या अस्तरावर शर्करा आणि प्रथिनांचा एक नाजूक लेप असतो, ग्लायकोकॅलिक्स. मातीच्या भिंतीला सारवण असते तसा. तो आहे तोवर आतले पाणी आत राहते. डेंग्यूचा विषाणू ज्या पेशींत वाढतो त्या पेशी एनएस-१ हे प्रथिन रक्तात मोठ्या प्रमाणात सोडतात. लॅबमध्ये पहिल्या दिवसांत केली जाणारी एनएस-१ चाचणी याच प्रथिनाचा शोध घेते. रिपोर्टवरचा ‘पॉझिटिव्ह’ हा शेरा म्हणजे नुसता विषाणूचा ठसा नाही, तर गळती सुरू करणाऱ्या घटकाचीच नोंद असते. हे प्रथिन अस्तराच्या पेशीला चिकटते आणि त्या पेशीच्या स्वतःच्या विकरांना, सियालिडेज, हेपॅरानेज, कॅथेप्सिन-एल यांना, कामाला लावते. ती विकरे आपलाच लेप खरवडून काढतात. दुसरीकडे हेच प्रथिन मॅक्रोफेजवरच्या टीएलआर-४ ला चेतवते. टीएलआर-४ जिवाणूंचे विष ओळखण्यासाठी आहे. त्याला वाटते मोठा जिवाणूसंसर्ग झाला, आणि तो त्या हिशेबाने दाह पेटवतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत विषाणू न देता नुसते एनएस-१ टोचलेल्या उंदरांच्याही रक्तवाहिन्या गळल्या, आणि एनएस-१ विरुद्ध आधी लस दिलेले उंदीर डेंग्यूच्या मारक मात्रेतून वाचले. यात त्वचेतल्या आणि रक्तवाहिन्यांलगतच्या मास्ट पेशी भर घालतात. अ‍ॅलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या याच पेशी. तीव्र डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तात त्यांनी सोडलेले कायमेज अधिक आढळते. आणि सर्वांत महत्त्वाचा दुवा हा, की ही गळती एक-दोन दिवसांत आपणहून थांबते, बाहेर गेलेला द्रव परत रक्तात येतो, आणि दगावलेल्यांच्या शवविच्छेदनातही रक्तवाहिन्यांची भिंत फारशी फाटलेली दिसत नाही. विषाणूने वाहिन्या कुरतडल्या असत्या तर त्या दोन दिवसांत भरून आल्या नसत्या. कुणीतरी रासायनिक हुकूम दिला म्हणून दारे उघडली, हुकूम मागे घेतला म्हणून मिटली, असेच हे चित्र आहे.

हे ध्यानात घेतले की हॉस्पिटलातला कागद वेगळा वाचला जातो. समजा एका मुलाच्या तिसऱ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट १,१०,००० आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण, ३८ आहे. पाचव्या दिवशी प्लेटलेट ६०,००० आणि पीसीव्ही ४६. शेजारच्या खाटेवरच्या तरुणाच्या प्लेटलेट २५,००० झाल्या आहेत, पण पीसीव्ही पहिल्या दिवसापासून ३९ च्या आसपास स्थिर आहे, तो जेवतो आहे, लघवी नीट होते आहे. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक कुणासाठी धावपळ करतात? अर्थातच २५,००० वाल्यासाठी. रक्तपेढीला फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर दात्यांसाठी विनवण्या, एका दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेटच्या पिशवीसाठी हजारो रुपये. खरा धोका मात्र पहिल्या मुलाला आहे. त्याचे रक्त दाट झाले आहे, कारण त्यातले पाणी वाहिन्यांबाहेर गेले आहे. पीसीव्हीतली २० टक्के वाढ हा गळतीचा जुना आणि भरवशाचा खुणेचा दगड. त्याला त्या घटकेला मोजून-मापून सलाइन हवे, तासातासाला नाडी आणि रक्तदाब हवा. वरच्या आणि खालच्या रक्तदाबातले अंतर २० किंवा त्याहून कमी झाले तर तो शॉकमध्ये चालला आहे. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, सुस्ती, लघवी कमी होणे, या घरी कळणाऱ्या खुणा प्लेटलेटच्या आकड्याहून जास्त सांगतात. आणि प्लेटलेटच्या पिशव्यांचे म्हणाल तर सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्लेटलेट २०,००० किंवा त्याखाली, पण रक्तस्राव नाही, अशा या रुग्णांपैकी निम्म्यांना प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना नाही. नंतर होणारा रक्तस्राव पिशव्या देऊन लक्षणीय कमी झाला नाही. उलट त्यांचे दुष्परिणाम मात्र जास्त दिसले. याचे कारणही वरच्या विवेचनाशी जुळते. प्लेटलेट या स्वतः उपजत प्रतिकारयंत्रणेच्या भागीदार असतात. डेंग्यूत त्या चेतवल्या जातात, आयएल-१बीटा सोडतात, पांढऱ्या पेशींना चिकटून खर्ची पडतात. ही प्रक्रिया चालू असताना वरून नव्या ओतल्या तर त्याही त्याच वाटेने जातात.

आता आक्षेपांकडे येतो, कारण हे म्हणणे आक्षेपांतून पार पडल्याशिवाय स्वीकारण्याजोगे नाही. पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप असा की डेंग्यूतला खलनायक उपजत नव्हे तर कमावलेली प्रतिकारशक्ती आहे. स्कॉट हॉलस्टेड यांनी १९६० च्या दशकात बँकॉकमधल्या मुलांवरून दाखवले की रक्तस्रावी डेंग्यू मुख्यतः दुसऱ्या संसर्गात होतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्धच्या अँटिबॉडी दुसऱ्याला मारत नाहीत, नुसत्या त्याला चिकटतात. निकाराग्वातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासातून २०१७ मध्ये हे आकड्यांत आले. अँटिबॉडीचे प्रमाण फार कमी किंवा भरपूर असलेल्यांना धोका कमी, आणि मधल्या एका ठरावीक पट्ट्यात असलेल्यांना तो कैक पट जास्त. फिलिपिन्समध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्व्हॅक्सिया लस दिल्यानंतर २०१७ च्या नोव्हेंबरात कंपनीला जाहीर करावे लागले की आधी कधीच डेंग्यू न झालेल्यांमध्ये ही लस पुढचा आजार अधिक तीव्र करू शकते. ती जखम तिथल्या आईबापांच्या मनात अजून ओली आहे. हे सगळे खरे आहे. पण अँटिबॉडी स्वतः काही गळती घडवत नाही. ती विषाणूला हाताला धरून नेते कुठे? मॅक्रोफेज आणि मोनोसाइटच्या एफसी ग्राहकांच्या दारातून थेट आत, म्हणजे उपजत यंत्रणेच्या पेशींतच. जास्त पेशी संसर्गित होतात, जास्त एनएस-१ बाहेर पडते, आणि या दाराने आत गेलेला विषाणू पेशीचा इंटरफेरॉनही दाबतो असे प्रयोगशाळेतले पुरावे आहेत. पुढची सारी साखळी तीच. आधीच्या संसर्गातून उरलेली अँटिबॉडी ही दुर्घटनेची वाट रुंद करते. दुर्घटना त्याच ठिकाणी होते.

हा खुलासा पटणारा वाटतो, पण तो सोयीचाही असू शकतो. म्हणून मला भारतातून आलेला दुसरा पुरावा जास्त निर्णायक वाटतो. भारतातल्या रुग्णालयांतल्या सहाशेहून अधिक डेंग्यूग्रस्त मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. त्यात तीव्र आजार झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना तो आयुष्यातला पहिलाच डेंग्यू होता. आधीच्या अँटिबॉडीचा प्रश्नच नसताना रक्तवाहिन्या गळल्या. दुसरा संसर्ग हीच अट असती तर हे झाले नसते. अँटिबॉडीचा सिद्धांत यामुळे खोटा ठरत नाही. पण ती एक वाट आहे, एकमेव नाही, आणि सगळ्या वाटा जिथे मिळतात ते ठिकाण पहिल्या तासांतल्या उपजत प्रतिसादाचे आहे, एवढे मात्र त्यातून ठामपणे म्हणता येते. दुसरा आक्षेप म्हणून कुणी असेही विचारेल की मग विषाणू निर्दोष का? मुळीच नाही. थायलंडमधल्या अभ्यासांत ज्यांच्या रक्तात सुरुवातीला विषाणूची शिखरसंख्या जास्त, त्यांचा आजार जास्त तीव्र, असे दिसले. हे माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. इंटरफेरॉन जितका उशिरा, शिखर तितके उंच आणि मागाहून उठणारा दाह तितका मोठा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. प्रतिकारशक्तीच हे करत असेल तर तिला स्टेरॉइडने दाबून टाका, सोपे आहे. असे करून पाहिले गेले आहे. व्हिएतनाममध्ये २२५ रुग्णांना आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत तीन दिवस प्रेडनिसोलोन किंवा नुसती औषधविरहित गोळी देऊन चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. स्टेरॉइडने ना शॉक कमी झाला, ना रक्तस्राव. मला यात नवल वाटत नाही. माणूस दवाखान्यात येतो तोपर्यंत विषाणूने हाक दाबण्याचे काम केलेले असते आणि एनएस-१ लेप खरवडायला लागलेले असते. एका बटणाने सारे विझवणारे औषध योग्य आणि अयोग्य प्रतिसादात भेद करू शकत नाही. तरीही खेड्यापाड्यांत अंगदुखी आणि ताप लगेच उतरावा म्हणून स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. ताप उतरतो, रुग्ण खूश होतो, आणि वेदनाशामकाने प्लेटलेटचे काम आणखी बिघडवलेले असते. डेंग्यूच्या दिवसांत तापाला पॅरासिटामोल, एवढेच. आणि पपईच्या पानांचा रस? प्लेटलेटचा आकडा काहीसा लवकर वाढतो असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. पण आकडा हा रोग नाही. गळती थांबते, शॉक टळतो, मृत्यू कमी होतात, यांपैकी काहीही त्यातून सिद्ध झालेले नाही. उलट्या होत असलेल्या मुलाच्या घशाखाली कडू रस उतरवण्यात दिवस घालवण्याने नेमका तो दिवस वाया जाऊ शकतो ज्या दिवशी त्याला सलाइनची गरज होती.

हैदराबादला हा प्रश्न इतका बिकट होण्याची कारणे शहरातच आहेत. सिकंदराबादेत बेगमपेठजवळ २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी पाहिला. डासाने माणसाला रोग देण्याच्या विज्ञानाचा एक मोठा धडा याच शहरात लिहिला गेला. पण रॉस यांचा डास वेगळा होता. डेंग्यूचा एडिस घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात घरोघरी जमिनीखालची पाण्याची टाकी (संप), गच्चीवरची टाकी आणि न्हाणीघरातला ड्रम अपरिहार्य होतो. तेलंगणात २०१९ साली १३ हजारांहून अधिक डेंग्यूरुग्णांची नोंद झाली. देशातल्या १५ राज्यांत २०१७-१८ मध्ये झालेल्या रक्तपाहणीत दक्षिण भारतातल्या ५ ते ४५ वयोगटातल्या जवळपास ७७ टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यूच्या अँटिबॉडी होत्या, पश्चिम भारतात ६२ टक्क्यांच्या. आणि २०१४ च्या साथीतले नमुने तपासून हैदराबाद विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की शहरात डेंग्यूचे चारही प्रकार एकाच वेळी फिरत होते, काही रुग्णांत तर एकाहून अधिक प्रकार एकदम होते. म्हणजे वाट रुंद करणाऱ्या अँटिबॉडी बहुतेक प्रौढांत आहेत, आणि चारही प्रकारचे विषाणू दारात उभे आहेत.

याच शहरात उत्तराचाही एक धागा आहे, आणि तो उपजत प्रतिकारशक्तीशी इतका थेट जोडलेला आहे की त्याबद्दल मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही याचे वाईट वाटते. गच्चीबावलीतली इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८२ मध्ये जनावरांच्या लाळ्या-खुरकतीच्या लशीसाठी काढली. आता ती डेंग्यूच्या लशीवर काम करते आहे. १९५७ मध्ये पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने शिमोग्याच्या क्यासनूर जंगलातला जो विषाणू शोधला, ज्याने पुढे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात काजूच्या बागांत राबणाऱ्यांना माकडतापाने गाठले, त्या डेंग्यूच्या गोचीडवाहू भावंडाविरुद्धच्या नव्या लशीतही हीच कंपनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसोबत आहे. माकडतापाची जुनी लस अपुरी ठरून बंद झाली, त्यामुळे कोकणातल्या त्या गावांना या कामाची निकड हैदराबादेइतकीच आहे.

डेंग्यूच्या लशीसाठी कंपनीने घेतलेले विषाणूंचे वाण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झाले आहेत. तेच वाण पॅनेशिया बायोटेक या दुसऱ्या कंपनीने घेतले असून २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत दहा हजारांहून अधिक प्रौढ आहेत. या वाणांतल्या विषाणूंच्या आरएनएच्या शेपटीतली ३० अक्षरे कापून टाकली आहेत. सगळी साखळी जवळपास अकरा हजार अक्षरांची, त्यातली ही तीस. सुरुवातीला एवढेच माहीत होते की असा विषाणू दुबळा होतो. मागाहून उलगडले ते असे. पेशीची विकरे विषाणूचा आरएनए कुरतडत येतात तेव्हा शेपटीच्या गाठी त्यांना अडवतात आणि न कुरतडलेला एक छोटा तुकडा पेशीत साठत जातो. हा तुकडा विषाणूचे शस्त्र आहे. १९९४ च्या सुमारास पोर्तो रिकोत जोमाने पसरलेल्या एका वाणाचा तुकडा ट्रिम-२५ या प्रथिनाला अडकवून आरआयजी-आयची हाक दाबतो, असे २०१५ मध्ये दिसून आले. ती तीस अक्षरे काढली की हा तुकडा कमी साठतो आणि विषाणू इंटरफेरॉनपुढे हतबल होतो. डेंग्यू-४ च्या लशीतल्या वाणावर २०१८ मध्ये हे प्रत्यक्ष दाखवले गेले. प्रतिकारशक्ती ‘वाढवणारा’ कोणताही पदार्थ या लशीत नाही. जी हाक विषाणू दाबतो ती या विषाणूला दाबता येत नाही, म्हणून शरीर वेळेवर जागे होते, वेळेवर शांत होते, आणि चारही प्रकारांची ओळख मागे ठेवते.

ब्राझीलमध्ये बुटांटन संस्थेने याच वाणांपासून केलेल्या लशीच्या एका मात्रेने दोन वर्षांत ७९.६ टक्के संरक्षण दिले. आधी डेंग्यू न झालेल्यांत ७३.६ आणि झालेल्यांत ८९.२ टक्के. फिलिपिन्सच्या अनुभवानंतर यातला पहिला आकडा, आधी डेंग्यू न झालेल्यांचा, सर्वांत आधी वाचला पाहिजे, आणि तो दिलासा देणारा आहे. पण त्या पाठपुराव्याच्या काळात चाचणीतल्या लोकांमध्ये डेंग्यूचे पहिले दोनच प्रकार आढळले. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराविरुद्ध ही लस माणसांत किती टिकते, हे तिथे तपासताच आले नाही. ते तपासायचे तर चारही प्रकार एकाच पावसाळ्यात सापडतात अशा शहरांत, लस घेतलेल्यांच्या रक्ताकडे आणि ताप उतरल्यानंतरच्या त्या दोन दिवसांकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागेल, आणि अशा शहरांत हैदराबादचे नाव घ्यावेच लागते.